विसर्ग

आश्विनातल्या उन्हाला आमच्याकडे आवाज असतो. कापून रचून ठेवलेल्या सोयाबीनच्या सुडीत, कुठेतरी खोल, एक वाळलेली शेंग तडकते. तट्! एवढासा कोरडा आवाज. मग क्षणभर निःशब्दता, मग एकदम दोन शेंगा, आणि ऊन चढत जाते तसतशी ती तडतड अखंड होत जाते. वाशीमच्या ज्या टोकाला आमचे घर आहे तिथे गाव संपते आणि शेत सुरू होते. कुंपणापलीकडची सुडी दुसऱ्याची, पण तिचा आवाज आमचा. या दिवसांत दुपारी ओसरीवर खुर्ची टाकून मी तो ऐकत बसतो. थोड्या वेळाने ध्यानात येते की आवाज दोन आहेत. एक कुंपणापलीकडून येतो, दुसरा पाठीमागच्या खोलीतून. तोही तसाच! तट्, थोडे थांबणे, तट्-तट्, आणि मग ओघ. ती प्रमिला, माझी पत्नी. ती कळफलकावर लिहिते आहे. पहिला आवाज ऐकून मला बरे वाटते. दुसरा ऐकला की सत्तरी ओलांडलेल्या या काळजातही एक बारीकसा काटा फिरतो. त्या काट्याविषयी मी कुणाशी कधी बोललो नाही. आज बोलतो आहे, कारण त्या काट्यापायी एक नोंद खोटी झाली होती, आणि ती खोटी आहे हे जगात मला एकट्यालाच ठाऊक होते.

संगणकावर लिहिण्याचे, कोष्टके मांडण्याचे जे कार्यक्रम, म्हणजे सॉफ्टवेअर, असतात त्यांतला एक असा आहे की तो कुणाच्याच मालकीचा नाही. जगभरच्या माणसांनी आपापल्या घरी बसून, सवडीने, तो घडवला आहे. कुणीही न्यावा, कुणीही उघडून पाहावा, जमेल त्याने सुधारावा. पाणवठा खरोखरच सगळ्यांचा असावा तसा! आमच्या आधीच्या पिढ्यांना असा पाणवठा पाहायला मिळाला नाही, म्हणून असेल, मला त्या कल्पनेचे पहिल्याच दिवशी अप्रूप वाटले. या कार्यक्रमात कुठे अडले तर कळफलकाच्या वरच्या रांगेतली एफ-वन नावाची कळ दाबायची. मदतीचे पान उघडते. पडद्यावरची नावे कुणीकुणी मराठीत आणली होती, पण मदतीची पाने इंग्रजीतच होती. दाराला तोरण मराठी, आणि आत शिरल्यावर आपल्या भाषेत पाणी विचारणारे कुणी नाही, अशी अवस्था. ती पाने मराठीत आणण्यासाठी काही उत्साही मंडळींनी वाशीमला एक दिवसाचे शिबिर घेतले. आयुष्यभर महाविद्यालयात मराठी शिकवलेला माणूस म्हणून मला बोलावणे आले. प्रमिला जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. घरी एकटी बसून काय करू, म्हणून सोबत आली. येताना म्हणाली, “तुमी भाषण द्या, मी जेवण करून येतो.”

शिबिर घेणारी मृणाल ही कोल्हापूरकडची तरुण अभियंता. तिने समजावून सांगितले की मदतीचे प्रत्येक पान म्हणजे एक साधी फाइल असते. त्यातल्या वाक्यांच्या मागेपुढे टोकदार कंसांत यंत्रासाठीच्या खुणा असतात. इथे शीर्षक, इथे परिच्छेद, इथून अमक्या पानाकडे दुवा. त्या खुणांना हात लावायचा नाही, फक्त मधली वाक्ये मराठीत आणायची. अशी सगळी पाने गोळा झाली की यंत्र त्यांची बांधणी करते, आणि ती बांधलेली मदत मग लोकांच्या संगणकांवर बसवली जाते. एका पानातली एक खूण जरी मोडली तरी बांधणी थांबते. मी हे सारे शांतपणे टिपून घेत होतो. प्रमिला मात्र मध्येच बोलली, “म्हंजे भितीतला एक चिरा काढला का सारं घर खाली!” मृणाल खळखळून हसली आणि पुढे दिवसभर सगळ्यांना तेच वाक्य सांगत राहिली. काटा पहिल्यांदा टोचला तो तेव्हा. किती क्षुल्लक कारण! पण मत्सराला मोठे कारण कधी लागले आहे? लागते ते जवळचे माणूस.

मला तपासनिसाचे काम मिळाले, म्हणजे इतरांनी केलेली पाने वाचून संमती द्यायची. काही पाने मी स्वतःही केली. प्रमिलाने गंमत म्हणून दोनचार मागून घेतली, आणि पुढे ती गंमत राहिली नाही. माझी पाने निर्दोष होती. ‘अभीष्ट परिच्छेद निवडून तदनंतर स्वरूपण या सूचीतील पर्याय सक्रिय करावा’ अशा वाक्यांचा मला अभिमान होता. त्यांना एक डौल होता. प्रमिला लिहायची, ‘ज्या परिच्छेदात बदल हवा त्यावर टिचकी मारा. आता वरच्या पट्टीकडे बघा.’ बघा! जणू समोर चौथीचा वर्ग बसला आहे. एखादी कृती केली आणि ती चुकली तर पुन्हा आधीच्या स्थितीला आणणारी एक आज्ञा असते. तिला मी ‘पूर्वस्थितिस्थापन’ असे नाव सुचवले होते. प्रमिलाने लिहिले, ‘मागे घ्या’. मी म्हणालो, शब्द मागे घेतात, अर्ज मागे घेतात. ही संज्ञा सैल आहे. त्यावर ती, “तुमचं पूर्वस्थितिस्थापन वाचेपर्यंत मानूस लाइट बंद करून घरी जाईन.” त्याच पानाच्या शेवटी तिने लिहिले होते, ‘एकदा फाइल बंद केली की मागे घेता येत नाही. म्हणून बंद करण्याआधी नीट पाहून घ्या.’ यातले दुसरे वाक्य मी खोडले. मदतीच्या पानात उपदेश कशाला? तिने ते परत घातले. मी पुन्हा खोडले, तिने पुन्हा घातले. अखेर मृणालने तिच्या बाजूने कौल दिला.

कार्यक्रमाची नवी आवृत्ती निघाली, पाने लोकांच्या संगणकांवर जाऊन बसली, आणि पत्रे येऊ लागली. सगळी प्रमिलाला. तपासनिसाला पत्र कोण लिहितो? ज्वारीची भाकर तव्यावर टाकून ती एका हाताने मोबाइल धरून मोठ्याने वाचायची, आणि मी ताटावर बसलेलो. अनसिंगच्या एका झेरॉक्स दुकानदाराने लिहिले होते, ‘ताई, असं वाटलं कोणी बाजूले बसून सांगून राह्यलं.’ प्रमिलाने ते दोनदा वाचले. तिला कौतुक आवडते, ती ते लपवत नाही. शेजारच्या बायकांना वाचून दाखवते, माहेरी केनवडला फोनवर ऐकवते. मी अर्ध्या भाकरीवरच उठलो. अनसिंग माझे जन्मगाव. माझ्या गावच्या माणसाने माझ्या घरात पत्र पाठवले होते, आणि ते मला नव्हते! पुढे एकदा बाजारात माझा जुना विद्यार्थी भेटला, पाया पडला आणि म्हणाला, “सर, मॅडमची मदत वाचतो ना मी. लय सोपी लिवतात. तुमी बी काई लिवता काय त्याच्यात?” मी हसून मान हलवली. मेथीची जुडी घेतली ती पैसे न देताच निघालो, भाजीवालीने हाक मारून थांबवले.

तुम्ही म्हणाल, पन्नास वर्षे संसार केलेल्या बाईचा एवढा हेवा? मीही स्वतःला हेच विचारत असे. उत्तर शोधताना मी फार मागे, अनसिंगच्या शाळेतल्या एका वर्गापर्यंत जाऊन पोचलो. आमच्या वडिलांच्या पिढीने धम्मदीक्षा घेतली. संध्याकाळी विहारात जे ऐकायचे ते पालीतले. जगात दुक्ख आहे, हे मी तिथे ऐकले. सकाळी वर्गात धडा वाचताना तोच शब्द आला आणि मी मोठ्याने वाचला, दुक्ख. गुरुजींनी थांबवले. पुन्हा वाच म्हणाले. मी पुन्हा तसेच वाचले. “विसर्ग कुठे गेला रे? घरी ठेवून आलास?” असे ते म्हणाले आणि वर्ग हसला. काय होते त्या शब्दाच्या पोटात? वर एक टिंब, खाली एक टिंब. उच्चारताना छातीतून सुटणारा हलकासा श्वास. त्या दोन टिंबांसाठी मी आयुष्य दिले म्हटले तरी चालेल. ‘मले-तुले’ जिभेवरून खरवडून काढले, शुद्धलेखनाचे नियम मुखोद्गत केले, आणि एक दिवस त्याच भाषेचा प्राध्यापक झालो. प्रमिलाला यातले काहीच करावे लागले नाही. ती शाळेतही ‘मले’ म्हणाली, साहेबांपुढेही ‘मले’ म्हणाली. जी बोली लपवण्यात माझी हयात गेली, तिच्याच उबेने तिची प्रमाण मराठी ओथंबली, आणि लोक तिला पत्रे लिहू लागले! शुद्ध होण्याचे कष्ट मी केले, आणि प्रेम मात्र तिच्या वाट्याला गेले. हा हेवा असा जुना होता. प्रमिला फक्त त्याच्या वाटेत उभी होती. मी एकदा तिला हे अर्धेमुर्धे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “पालीत विसर्गच नाही. बुद्धाचं भागलं ना त्याच्याबिगर? तुमचंच भागत नाही.”

तर पुढच्या आवृत्तीची मुदत जवळ आली होती. प्रमिलाने पुष्कळ नवी पाने केली होती. एका सकाळी ती खोलीत काम करत बसली, मग केनवडला भावाच्या नातवाच्या नामकरणासाठी एसटीने गेली. दुपारी मी तिच्या खुर्चीत बसलो. संगणक तिच्या नावाने उघडाच होता. पाने वाचता वाचता मला एक चूक सापडली, आणि काय सांगू, उन्हाळ्यात माठाचा पहिला घोट घ्यावा तसे वाटले. प्रमिलाला कळफलकावर विसर्गाची कळ सापडत नसे. ‘पुन्हा’च्या जागी कुठे ‘पुन:’, कुठे ‘स्वत:’, कुठे ‘विशेषत:’, आणि सगळीकडे विसर्गाच्या जागी तिने इंग्रजीतला कोलन ठोकलेला. दिसायला दोन्ही सारखेच, दोन टिंबे. पण एक अक्षराचा श्वास आहे आणि दुसरे निव्वळ विरामचिन्ह! ज्याच्यावरून मला वर्ग हसला होता तेच ही बाई पानोपानी चुकवत होती, आणि तिला कुणी हसत नव्हते. उलट पत्रे पाठवत होते.

एकेक चूक दाखवून तिला सांगणे हे माझे काम होते. मी ते केले नाही. सर्व पानांतून एक चिन्ह काढून त्याजागी दुसरे घालण्याची सोय असते, ‘सगळे एकदम बदला’. मी वरच्या चौकटीत कोलन दिला, खालच्या चौकटीत विसर्ग दिला, आणि कळ दाबली. पडद्यावर ओळी झरझर पालटल्या. पुनः, स्वतः, विशेषतः! प्रत्येक शब्द न्हाऊन निघाल्यासारखा. मग ती पाने मी प्रकल्पाकडे पाठवून दिली, तिच्याच नावाने. माझ्या नावाने पाठवली असती तर तपासनिसाने बदल केल्याची सूचना तिला गेली असती, आणि ती भांडली असती. मला भांडण नको होते, मला फक्त जिंकायचे होते. मात्र एक गोष्ट त्या भाषापंडिताच्या ध्यानात आली नाही. कोलन फक्त प्रमिलाच्या शब्दांत नव्हते. टोकदार कंसांतल्या त्या यंत्राच्या खुणांत होते, प्रत्येक दुव्याच्या पत्त्यात होते, ज्यांना हात लावायचा नाही म्हणून शिबिरात मी स्वतः टिपून घेतले होते. मी त्या सगळ्यांना विसर्ग दिला. मी यंत्राचेही शुद्धलेखन तपासले!

बांधणी कोसळली. मृणालचा निरोप गटावर आला की प्रमिलाताईंच्या शेवटच्या बदलानंतर मराठी पाने बांधली जात नाहीत, दोष शोधायला किंवा आधीची पाने परत बसवायला वेळ उरलेला नाही, ही आवृत्ती मराठी मदतीशिवाय निघेल. तिने दोष दिला नव्हता, फक्त जे दिसत होते ते सांगितले होते. प्रमिलाने पाने उघडली. दुव्यांतले विसर्ग पाहिले. बदलाच्या नोंदीतली वेळ पाहिली. ही नोंद परदेशी घड्याळाने होते. मी जेवणानंतर जे केले ते त्या घड्याळाने सकाळचे होते, आणि त्या सकाळी ती खरोखरच तिथे बसली होती. हे घड्याळाचे अंतर मला ठाऊक होते. प्रमिला अगदी हळू आवाजात म्हणाली, “मले काहीच आठवत नाही हो. मीच केलं असन. अन् विसरले.”

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. प्रमिलाच्या आईला उतारवयात विसर पडत गेला. आधी वस्तूंचा, मग दिवसांचा, मग माणसांचा. केनवडच्या घरात ती स्वतःच्या मुलीला ‘तू कोनाची वं?’ असे विचारायची. त्या प्रश्नाचे भय प्रमिलाच्या मनात कायमचे बसलेले होते आणि ते मला जितके माहीत होते तितके दुसऱ्या कुणालाच नव्हते. ती ‘विसरले’ म्हणाली तेव्हा तिच्या आवाजात जे होते ते मी ओळखले. एक वाक्य पुरे होते. ‘तू नाही, मी.’ शब्द तीन. पण माझ्या तोंडून आले ते असे, ‘जाऊ दे, होतं असं या वयात.’ या वयात! माझ्या शुद्ध भाषेतले ते सर्वांत अशुद्ध वाक्य.

तिने लिहिणे सोडले. संगणकावर तिने विणलेला रुमाल टाकून ठेवला. घरातला तो आवाज थांबला, आणि मी कबूल करतो, पहिले काही दिवस मला ती शांतता गोड वाटली. पण नंतर ती घरभर पसरू लागली. प्रमिला गॅस बंद केला की नाही हे पुन्हा पुन्हा पाहू लागली. कुलूप लावून निघालो की वाटेतून परत फिरू लागली. एखादे नाव चटकन आठवले नाही की तिचा चेहरा पांढरा पडे. अहो, नावे तर मलाही आठवत नाहीत! मग एक दिवस तिने स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावे लिहायला घेतली. तूरडाळ, साखर, हळद. शाळेतल्या फळ्यावरचे तेच गोल, टपोरे अक्षर. मी पाहत होतो. गप्प राहण्याची एक सवय होते. रोज थोडे थोडे गप्प राहिले की बोलणे हेच वेडेपणाचे वाटू लागते. अशी एक आवृत्ती गेली, दुसरी गेली.

यंदा दसऱ्याआधी मृणालचा फोन आला. नव्या आवृत्तीत मराठी मदत पुन्हा बसवायची आहे, ताई हव्यात. प्रमिला म्हणाली, “मले नको सांगू पोरी. आता माह्या भरवशावर काही ठेवू नको. डोस्कं राह्यलं नाही.” फोन ठेवून ती ओट्याकडे वळली. भाजीत मीठ घालायचे होते. तिने डबा उचलला, झाकण काढले, आत पांढरे खडे मीठ. तरी तिने डबा फिरवून त्यावरचे नाव वाचले, ओठ हलवून, पहिलीतल्या मुलासारखे. आणि मगच चिमूट घेतली. मला ते पाहवले नाही. उशिरा का होईना, पाहवले नाही.

मी सांगितले. मनात जुळवलेली सगळी वाक्ये ऐन वेळी पळून गेली आणि राहिले ते इतकेच, की ते विसर्ग मी घातले, तुझ्या खुर्चीत बसून, तू केनवडला होतीस तेव्हा. ती हातातली पळी तशीच धरून उभी राहिली. “काय म्हनता?” मी पुन्हा सांगितले. तिने विचारले, “म्हंजे... मी विसरली नोती?” नाही, मी म्हणालो. ती लाकडी पाटावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. पण ते रडणे सुटकेचे होते, आणि त्याने मला रागापेक्षा जास्त भाजले. राग नंतर आला. “मी डब्यायवर नावं लिवत होती तवा मार्कर कोनं आनून देल्ला मले? आठोते?” मी म्हणालो, आठवते, मी आणून दिला. “मंग तुमचं डोस्कं शाबूत हाये बापा. माह्यंच खराब करून राह्यले होते.” तिने हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाली, “काहून केलं?” मी म्हणालो, मला तुझा हेवा वाटत होता. “माहा? कायचा?” अनसिंगच्या माणसाने तुला पत्र लिहिले त्याचा. ती एकदम हसली. “त्या झेरॉक्सवाल्याचा!” हसता हसता तिचा आवाज मध्येच तुटला. ती उठली, ओले फडके घेतले आणि एकेक डबा पुसायला लागली. शाई पक्की होती, घासावे लागत होते. मी मिठाच्या डब्याला हात लावला तर म्हणाली, “तो राहू द्या. तुमाले दिसला पाह्यजे.” तो तसाच आहे. रोज दिसतो.

तिने मला क्षमा केली का? मला ठाऊक नाही आणि मी विचारलेले नाही. तिने एवढेच म्हटले, “मले सांगून काय होते? जिथं माह्या नावानं बिघडलं तिथं लिवा. अन् सोप्या भाषेत लिवा, सर. लोकायले समजलं पाह्यजे.” मी लिहायला बसलो. ‘अनवधानाने माझ्याकडून’ एवढे लिहून झाले होते तोच तिने मागून वाचले. “अनवधान कायचं? ध्यान देऊनच बसले होते ना?” मी ते खोडले. शेवटी जे लिहिले ते असे, ‘ती पाने प्रमिलाने बिघडवली नाहीत. मी बिघडवली. तिचे लेखन लोकांना आवडते याचा मला मत्सर वाटत होता. चूक कळल्यावर मी गप्प राहिलो आणि तिला वाटू दिले की ती विसरली.’ इतके साधे मराठी मी आयुष्यात प्रथमच लिहिले असेन. मृणालचे उत्तर संध्याकाळी आले. त्यात सांत्वन नव्हते, रागही नव्हता. तिने कळवले की बदलांच्या वहीतली जुनी नोंद पुसता येत नाही, तशी सोयच नाही. पण तिच्याखाली नवी नोंद जोडता येते आणि ती तिने जोडली आहे. मला ते न्यायाचे वाटले. पुसून टाकण्याची सोय असती तर आपण सगळेच किती स्वच्छ दिसलो असतो!

विसर्ग या शब्दाचा अर्थ मी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगितला. विसर्ग म्हणजे सोडणे, मोकळे करणे, हातचे देऊन टाकणे. सांगितला, आणि दोन टिंबे मात्र मुठीत घट्ट धरून बसलो. कार्यक्रमाची नवी आवृत्ती जगासाठी खुली करतात त्यालाही ही मंडळी सोडणे असेच म्हणतात. हे साम्य प्रमिलाला सांगितले तर ती म्हणाली, “मंग सोडा ना. धरून काहून बसले?”

रुमाल आता निघाला आहे. ती नवे पान लिहिते आहे, ‘सगळे एकदम बदलण्याआधी’. त्यात उदाहरण म्हणून कोलन आणि विसर्गाची गोष्ट घातली आहे. नाव घातलेले नाही. तपासायला ते माझ्याकडे आले. सुरेख आहे. लोक पत्रे लिहितील, तिला लिहितील, माझ्याच चुकीवरून लिहितील, आणि मला पुन्हा हेवा वाटेल. तो गेलेला नाही. गेला असे लिहिले तर ही नोंदही खोटी होईल. पानात एका ठिकाणी ‘स्वत:’ होते, कोलन घातलेले. या वेळी मी कळ दाबली नाही. तिला हाक मारली. ती आली, बाजूला बसली, मी बोट ठेवून दाखवले आणि विसर्गाची कळ कुठे असते तेही दाखवले. “इथं होती होय ही!” म्हणाली, आणि तो एक विसर्ग तिने तिच्या बोटाने घातला.

आज दुपारी ऊन चांगले आहे. सुडी तडतडते आहे, पाठीमागची खोलीही. दोन्ही आवाज एकमेकांत इतके मिसळले आहेत की कोणता कुठला हे सांगण्याचा खटाटोप मी सोडला आहे. हे लिहिता लिहिता सहज एफ-वन दाबले आणि ‘मागे घ्या’चे पान उघडले. मी दोनदा खोडलेले ते वाक्य तळाशी अजून तसेच आहे. ‘एकदा फाइल बंद केली की मागे घेता येत नाही. म्हणून बंद करण्याआधी नीट पाहून घ्या.’

पाहतो आहे. फाइल अजून उघडी आहे.